दोरा बांधलेला वस्तरा

तात्या, कळंबच्या नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो माझ्या भावाच्या, मंगेशच्या लग्नातला आहे. मिशी काळी केली आहे आणि हनुवटीवरचा व्रण पुसून टाकला आहे. खाली लिहिलंय, 'गावाचा हसरा चेहरा हरपला.' वाचून मी रस्त्यातच हसले. तुम्ही हसायचात कुठे? तुम्ही हसवायचात. या दोन्हींत काय फरक असतो ते वाडीवरच्या लहूला विचारावं. पण फ्लेक्स छापणाऱ्यांनी लहूला कधी काही विचारलेलं नाही.

आता मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. हा नियम माझा नाही, तुमचाच आहे.

तुमच्या दुकानात एकच खुर्ची होती आणि त्या खुर्चीत बसलेला माणूस कधी वाद जिंकला नाही. गालाला फेस लावून होईपर्यंत तुम्ही त्याला बोलू द्यायचात. जमिनीचे भाव, सरपंचाची नवी गाडी, कोणाची पोरगी कोणाबरोबर गेली, सगळं. मग वस्तरा उघडायचात, अंगठ्याने त्याची कातडी ताणायचात आणि म्हणायचात, "आता माजं ऐक." गळ्यावर पातं असलेला माणूस मानसुद्धा हलवत नाही. म्हणून तुमचं प्रत्येक मत आपल्या गावात बिनविरोध मंजूर झालं. वस्तरा मिटेस्तोवर तुम्ही विषय संपवलेला असायचा आणि तुरटी फिरवता फिरवता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलेली असायची.

मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. तेसुद्धा माझ्यासाठी नाही. ते तुम्ही लहूला सांगायचं होतं. तुम्ही ते न सांगता गेलात. म्हणून हे लिहिते आहे. येणारे-जाणारे म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. तुम्ही जिवंत माणसांबद्दल काय काय बोलायचात ते त्यांनी ऐकलंय. मग मेल्यावरच एवढी सवलत का?

तरी जे तुमचं देणं आहे ते नाकारत नाही. मी वाचायला शिकले ते तुमच्या साबणामुळे. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागदाचे चौकोन लागायचे. बाकीचे लोक त्यासाठी वर्तमानपत्र फाडायचे. तुम्ही पत्रकं वापरायचात, कारण ती आपणहून चालत दुकानात यायची. मोहोपाड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची, निवडणुकीची, देवळाच्या जीर्णोद्धाराची, 'डोंगराच्या कुशीत तुमचं हक्काचं फार्महाऊस'ची, वाडीवाल्यांच्या जंगलातल्या दळी जमिनीच्या मोर्च्याची. ज्याने गठ्ठा आणला त्याला तुम्ही म्हणायचात, "ठेवा की, समद्यांना वाटतो." आणि खरंच वाटायचात, फेसासकट.

गठ्ठे कापायचं काम माझं. दुकानाच्या पायरीवर कात्री घेऊन बसायचे आणि कापण्याआधी प्रत्येक पत्रक वाचायचे. कापल्यावर घोषणा अर्धी व्हायची. 'कसेल त्याची' एका चौकोनात, 'जमीन' दुसऱ्यात, आणि दुसऱ्यावर कोणाच्या तरी गालावरचे खुंट. उरलेली अर्धी मी मनात पुरी करायचे. पुढे मीच पत्रकं लिहायला लागले, तेव्हा सगळे विचारायचे, हे खूळ हिच्या डोक्यात कुठून आलं. तुमच्याच दुकानातून आलं, तात्या. दुसरीकडून कुठून येणार?

आणि धार लावायला शिकले तेही तुमच्याकडूनच. खरं तर ते मंगेशने शिकायचं होतं. तो बॅट घेऊन मागच्या दाराने पळायचा. एक दिवस तुम्ही वैतागून दगड माझ्यापुढे सरकवलात. "बस गं अश्वे. बाईनं वस्तरा चालवायचा नसतो. पन धार लावली तर काय बिगडत नाय."

दगडावर पाणी. पातं सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. दगडावर धार पुढे न्यायची, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे न्यायची. पलटताना पाठीवरून पलटायचं, धारेवरून कधीच नाही. जोर लावायचा नाही. "दाबू नको. ते पोलाद हाय, तुज्यापेक्षा शानं हाय." मी दाबायचे. तुम्ही माझ्या बोटांवर ब्रशची मूठ मारायचात. मग ओल्या नखावर धार हलकेच ओढून बघायची. अडखळत, चावत सरकली तर अजून दगड, लोण्यासारखी सरकली तर पट्टा. काम झालं की वस्तरा पुसून कोरडा करायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, फडक्यात गुंडाळून धोकटीत ठेवायचा. आपल्याकडच्या पावसात उघडं पोलाद आठवडाभरात तांबूस होतं. "आन रोज रोज एकच वस्तरा वापरायचा नाय. वस्तरा दमतो. त्याला निजू द्यावं." माणसांपेक्षा वस्तऱ्याशी तुम्ही बरे वागायचात.

दाढी करायला शिकवा म्हणून मी हटून बसले, तेव्हा तुम्ही जत्रेतून आणलेला फुगा फुगवलात आणि त्यावर फेस थापलात. "कर. फुटला तर पुन्यांदा इचारायचं नाय." फुटला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा फुटला. आई आत कपाळाला हात लावून बसायची, दर थोड्या वेळाने घरात फटाका वाजायचा. शेवटी एक फुगा मी गुळगुळीत करून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उजेडात फिरवून फिरवून पाहिलात. तुमच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, मी ते बघितलं. मग तुम्ही त्याला टाचणी लावलीत. "फुग्याला आईबाप नसतात. मान्साला असतात. जा, भांडी घास."

धोकटीत दोन वस्तरे होते. दोन्ही आजोबांनी आणलेले, काळ्या मुठींचे, जुळ्या भावांसारखे. एकाच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला होता, करदोट्याचा असतो तसा. "दोऱ्याचा सगळ्यात शेवटी लावायचा, आन मग दगड धुवायचा," हा नियम मी प्रश्न न विचारता पाळला. मला वाटायचं तो पूजेचा असेल. माझ्या लहान डोक्यात ज्याला वेगळं ठेवतात तो पवित्र, एवढंच होतं.

मग लहूच्या लग्नाचा दिवस आला. मी आठवीत असेन. लहू आपल्या वरच्या कातकरवाडीवरचा, वीटभट्टीवर जाणारा, बाजाराच्या दिवशी खेकडे घेऊन येणारा. त्याच्या अंगाला हळद लागलेली, डोक्याला नवा रुमाल, आणि सोबत त्याचे तीन-चार दोस्त. दुकानात दोघे-तिघे गाववाले बसले होते, खुर्ची रिकामी होती. लहूने उंबऱ्यातून विचारलं, "तात्या, नवरदेवाला बसवता काय आज खुर्चीत?"

तुम्ही दिलदारपणे हात पसरलेत. "नवरदेव हायेस तू! तुला भायेर मोकळ्या हवेत बसवतो. आत काय, उकडतंय नुसतं."

तो पायरीवर बसला. मी सकाळपासून जिथे बसून कात्री चालवत होते तिथे. तुम्ही मला आरसा धरायला सांगितलंत आणि धोकटीतून दोऱ्याचा वस्तरा काढलात. लहूच्या गालाला फेस होता, मान मागे होती. त्याने डोळे खाली वळवून मूठ पाहिली आणि ओठ न हलवता विचारलं, "दोरा कशाला, तात्या?"

"वळखायला. हा तुज्या नावाचा ठेवलाय. दुसऱ्या कोनाला लावत नाय. राजा हायेस तू, राजा!"

बाकड्यावरचे गाववाले खो-खो हसले. एक जण खोकायला लागेपर्यंत हसला. त्यांना ठाऊक होतं. आणि लहूही हसला, हळदीने पिवळा झालेला, गळ्यावर पातं असलेला. आरशात मला त्याचं हसू दिसत होतं आणि त्याच्यामागे तुमचा चेहरा. तुम्ही हसत नव्हतात. तुम्ही काम करत होतात. दाढी इतकी सुरेख केलीत की त्याचे दोस्त बघत राहिले. एक थेंब रक्त नाही. जाताना तो मला म्हणाला, "ताई, आरसा चांगला धरलास." संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "दोऱ्याचा लाव आन दगड धू," तेव्हा तो दोरा कशाचा आहे ते मला कळलं. पूजेचा नव्हता.

मी दगड धुतला नाही. तुम्ही तो माझ्या हातातून घेऊन स्वतः धुतलात. आपला वाद त्या दिवशी सुरू झाला.

पुढे सगळीकडे बदलायच्या ब्लेडचे वस्तरे आले. रोग पसरतात म्हणून लोक जुन्या वस्तऱ्याला नको म्हणायला लागले. आता दर माणसाला नवं ब्लेड, त्याच्या डोळ्यांदेखत मोडून घातलेलं. मला वाटलं, चला, यंत्राने तरी केलं जे माणसाने केलं नाही. तुम्ही नव्या दोन मुठी आणल्यात आणि त्यातल्या एकीला लाल दोरा गुंडाळलात. मी म्हटलं, "तात्या, पातं तर नवं असतं. मूठ कोणाच्या गालाला लागते? मूठ फक्त तुमच्या हातात असते. मग विटाळ कोणाचा, तुमच्या हाताचा?" तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलीत.

तेव्हा मी पत्रक लिहिलं. माझं पहिलं, वाडीवाल्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या संघटनेसाठी, एका पानाचं. त्यात तुमचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. फक्त एवढंच होतं की एका दुकानात एक दोरा आहे, आणि तो सोडायला कायद्याची नव्हे, फक्त दोन बोटांची गरज आहे. बाजाराच्या दिवशी मी ते वाटत वाटत आपल्या दुकानात आले आणि गठ्ठा तुमच्या फळीवर ठेवला. तुम्ही वाचलंत. चष्मा लावून, पुरतं, खालच्या मुद्रकाच्या नावापर्यंत. मग खुर्चीतल्या माणसाच्या गालावरून वस्तरा ओढलात आणि फेस माझ्या पहिल्या परिच्छेदावर पुसलात. दुसऱ्यांदा ओढलात, दुसरा परिच्छेद.

"कागद जाड वापरलास," तुम्ही म्हणालात. "फेस चांगला धरतो. पुढच्या टायमाला पन असाच आन."

मी घरी येऊन जुना वस्तरा काढला आणि पट्ट्यावर रागाने ओढायला लागले. धार पुढे ठेवून. जे कोणताही न्हावी झोपेत करणार नाही ते मी केलं, आजोबांच्या काळातला पट्टा अर्ध्यापर्यंत चिरला. तुम्ही आल्यावर तो हातात धरून बाहेर शेजाऱ्यांना दाखवलात. "आमच्या पुढारीणबाय बगा. गावाला शिकवतात आन पट्ट्याला पाठ पुढं का धार पुढं, ते ठाव नाय." तुमचं बरोबर होतं, तात्या. पट्ट्याबाबत तुमचं बरोबर होतं. मी तो पट्टा अजून वापरते, चिरीच्या अलीकडचा भाग.

मग रिसॉर्टवाल्यांनी तुम्हाला बोलावलं. शनिवार-रविवारी पोहण्याच्या तलावाशेजारी छत्री, तिच्याखाली लाकडी खुर्ची आणि मुंबईच्या पाहुण्यांना 'पारंपरिक दाढी'. त्यांना बदलायचं ब्लेड नको होतं, जुना वस्तराच हवा होता. मी तुम्हाला डबा द्यायला आले होते. एका गोऱ्यापान पाहुण्याने दोन्ही वस्तऱ्यांकडे बघून दोऱ्याचा उचलला. "ये वाला. ये धागा क्या है?" तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. "शुभ होता है, साहब." आणि तोच वस्तरा त्याच्या गालावर फिरवलात. त्याच्या बायकोने दोऱ्याचा जवळून फोटो काढला.

परत येताना मी टेंपोत तुम्हाला सोडलं नाही. "पाहुण्याला चालला? लहूचा वस्तरा?"

"पावना सोमवारी जातो," तुम्ही म्हणालात. "गाव रोज दारात असतं. उद्या खुर्चीत लहूला बसवला, तर परवा खुर्चीत कोन बसंल? तू?"

"तुम्हाला लग्नात पंगतीच्या शेवटी बसवतात. बोलावणं करायला तुम्ही आणि जेवायला सगळ्यात शेवटी तुम्ही. ते चालतं तुम्हाला?"

"नाय चालत."

"मग?"

"मग काय? म्हनून तर दोरा हाय. माज्या खाली कोनतरी हाय, एवडं गावाला दिसाय लागतं."

इतकं नागडं खरं तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. टेंपोवाल्याने आरशातून मागे बघितलं. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात नाका आला आणि तुम्ही उतरून चालायला लागलात. ते उत्तर अजून माझ्यापाशी आहे. पत्रकात बसत नाही इतकं साधं आहे: तुम्हाला तो अपमान आतून-बाहेरून माहीत होता, चवीसकट, आणि तरी तुम्ही तो दुसऱ्याच्या पानात वाढलात. ज्याला माहीत नसतं त्याला शिकवता येतं. तुम्हाला शिकवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग तुमचा उजवा हात गेला. लकवा. ज्या हाताने सगळ्या गावाच्या गळ्यांवर पातं फिरवलं त्याला चमचा धरवेना. दुकान बंद झालं. गाववाले पहिले काही दिवस आले, मग चारफाट्याच्या सलूनमध्ये जायला लागले. तुमच्यासाठी कोणी दोरा बांधला नाही, तात्या. ते तुम्हाला नुसते विसरून गेले. लहू मात्र आला. लकवा आला त्या दिवशी दवाखान्यात न्यायला त्यानेच तुम्हाला पाठीवर घेऊन रिक्षात बसवलं होतं, त्यानेच उतरवलं.

दाढी वाढली, तशी तुम्ही चिडचिड करायला लागलात. मंगेश मोहोपाड्याहून कारखान्यातली पाळी संपवून यायचा, त्याने यंत्राने दाढी करून दिली तर तुम्ही तोंड फिरवलंत. "हे काय गवत कापतोस?" मग एका सकाळी मी फेस केला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फुग्याकडे बघितलं होतं तसंच. "मान्साला आईबाप असतात गं," तुम्ही जड जिभेने म्हणालात. मी म्हटलं, "तुमचे नाहीत आता. गप बसा."

मी दोऱ्याचा वस्तरा घेतला होता. मूठ माझ्या पंजात होती, दोरा तुम्हाला दिसत नव्हता. तुमच्या गळ्याची घाटी माझ्या पात्याखाली वर-खाली होत होती. मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. आणि हात हलका होता, अगदी तुमच्यासारखा, हे मला कळलं तेव्हा मी अर्ध्यात थांबले. मग पुरी केली.

कितीतरी सकाळी असंच चाललं. मी बोलायचे, तुम्ही फेसाखाली. आता माझी मतं बिनविरोध मंजूर होत होती. तुम्हाला ते कळत होतं. डोळ्यांत कधी राग यायचा, कधी, देवाशपथ, मजा यायची.

शेवटी एक दिवस हनुवटीखाली पातं ठेवून मी सांगितलं, "तात्या, हा दोऱ्याचा आहे. पहिल्या दिवसापासून हाच आहे." तुम्ही हलला नाहीत. मी दाढी संपवली, तुरटी फिरवली, टॉवेलने पुसलं. मग तुम्ही बोललात.

"पयल्याच दिशी कळलं. त्याचं पातं रुंद हाय. गालाला कळतं."

वाडीवाले कधीमधीच यायचे, म्हणून तो वस्तरा कमी वापरला गेला, कमी घासला गेला. गाववाल्यांचा झिजून बारीक झाला. चांगलं पोलाद त्याच्याच वाट्याला राहिलं होतं ज्याला तुम्ही पायरीवर बसवलंत. हे तुम्हाला आयुष्यभर माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय करतेस ते बगत होतो." मग, "दाढी बरी करतेस."

मी त्या शब्दासाठी त्या फुग्यापासून थांबले होते आणि तो हातात आल्यावर मला तो फेकून द्यावासा वाटला. मी म्हटलं, "मला नको ते. लहूला सांगा. एकदाच सांगा, चुकलं म्हणून. तो उद्या येणार आहे." तुम्ही डोळे मिटलेत. "पानी आन."

दुसऱ्या दिवशी लहू आला. केस पिकायला लागलेत त्याचे. पोरगी कर्जतला कॉलेजात आहे. पिशवीत रानातली शेवळं होती, आईला भाजीसाठी. मी त्याला ओटीवर तुमच्या अगदी समोर बसवलं आणि तुमच्याकडे बघत उभी राहिले. तुम्हाला माहीत होतं मी कशासाठी उभी आहे. दाराआड आईलाही माहीत होतं. तुमचे ओठ हलले.

"काय रं, राजा," तुम्ही म्हणालात.

आणि लहू हसला. तसाच.

मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. "लहूदादा, का हसलास? तुला ठाऊक नाही का दोरा कशाचा होता?"

"पत्रकात लिवलंवतंस तवा वाचून दावलं पोरीनं. पन ठाव तवाच होतं. लग्नाच्याच दिवशी. वस्तरा मानंवर असला का समदे हसत्यात, ताई."

"आत्ता कुठे होता वस्तरा मानेवर?"

"सवय," तो म्हणाला आणि रिकामी पिशवी झटकून वर चालायला लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी आई चहा घेऊन आली आणि तुम्ही उठला नाहीत.

आपल्या घरात रीत आहे, आपल्या माणसाला शेवटचं न्हाऊ घालण्याआधी त्याची दाढी करायची. गावाला आयुष्यभर करून दिली, घरच्याला तशीच कशी पाठवणार. तुमची दाढी वाढलेली होती. चौक गावाहून आलेला चुलतभाऊ यंत्र घेऊन पुढे झाला. मी धोकटी उघडली. भावकीतले म्हातारे कुजबुजले, "बाईनं? आन मयताची?" मी काही बोलायच्या आत आई भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली, "जित्तेपनी तिनंच केली. आता तुमी कोन मधे?" तुमच्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा भावकीला गप्प केलं. ते बघायला तुम्ही हवे होतात.

मी पातं तळहातावर फिरवलं. पाठ पुढे ठेवून. या वेळी मूठ लपवली नाही. दोरा जुना होऊन तपकिरी पडलाय, पण ओळखू येतो. ओळखणारे तिथे होते. बाकड्यावर हसलेल्यांपैकी दोघे ओटीखाली उभे होते. त्यांनी मुठीकडे पाहिलं आणि खाली बघायला लागले. मेलेल्या गालाची कातडी ताणली की परत येत नाही, ताणलेलीच राहते. हे तुम्ही शिकवलं नव्हतं. सावकाश केली. एक खुंट ठेवला नाही.

मी गळ्यावर शेवटचा हात फिरवत होते तेव्हा लहू टेंपोतून लाकडं घेऊन आला. ती उतरवून तो अंगणात आला, मग पायरीपर्यंत, मग पायरी चढून वर. कोणी त्याला अडवलं नाही. तो तुमच्या उशाशी थांबला. दोऱ्याकडे बघितलं, तुमच्या गळ्यावर टेकलेल्या पात्याकडे बघितलं, मग तुमच्या तोंडाकडे. आणि अगदी हळू, जणू गाडीत बसलेल्याला निरोप देतोय अशा आवाजात म्हणाला,

"हसा की, तात्या."

तुम्ही हसला नाहीत. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग मान हलवली आणि तुमच्या पायाकडची बाजू उचलायला गेला.

नंतर मी वस्तरा त्याला देऊ केला. त्याने हात मागे घेतले. "मी काय करू? आमी आता चारफाट्याला जातो, खुर्चीत बसतो. ती तुमच्या घराची चीज हाय, ताई. तुमीच सांबाळा." त्याचं बरोबर होतं. मी तुमची घाण त्याला भेट म्हणून देत होते. ही खोडही तुमचीच.

आज सकाळी तो दगडावर घेतला. धार पुढे. मग चिरलेल्या पट्ट्यावर, पाठ पुढे. ओल्या नखावर लोण्यासारखा सरकला. पुसला, तेलाचं बोट फिरवलं. आई म्हणाली, "सोड गं आता तो दोरा. गेला मानूस." मी नाही म्हटलं. ज्या दोन बोटांनी तो सुटायचा होता ती तुमची होती. माझ्या बोटांनी सोडला, तर तुम्ही फुकटात सुटाल.

फडक्यात गुंडाळून धोकटीत ठेवलाय. त्याला गंज चढू देणार नाही. कोणी विचारलंच, दोरा कशाचा, तर खरं सांगेन: वळखायला. तुमच्या नावाचा ठेवलाय, तात्या. दुसऱ्या कोणाला लावणार नाही. राजा हायात तुमी.